मस्टर्ड वायूचे दीर्घकालीन दुष्परिणाम

विषारी वायू म्हटला की आपणांस पहिले महायुद्ध आठवते. बेल्जममधील ईप्रच्या आघाडीवर जुलै १९१७ मध्ये जर्मनांनी मस्टर्ड वायू प्रथम वापरला. पुढे १९२५ च्या जिनीव्हा कराराने अशा अस्त्रांच्या वापरास बंदी झाली. प्रकरण तेथेच मिटले, ही समजूत मात्र खरी नाही. इराण-इराक युद्धात (१९८०-८८) त्याच करारात सामील असलेल्या इराकने हा वायू इराणी सैनिकांवर वारंवार सोडला. १९८४ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी पाहणी करून तसा निर्वाळा दिला, तरी वापर थांबला नाही. २८ जून १९८७ रोजी तर सरदश्त या गावातील नागरी वस्तीवरच असे बाँब पडले.

‘वायू’ हे नाव तसे फसवे आहे. वस्तुतः हा तेलकट द्रव असून त्याचे तुषार व वाफ बाधतात. अंगावर आला त्या घटकेला बहुधा आग होत नाही की दुखत नाही. काही तासांनी डोळे चुरचुरतात, कातडीवर फोड येतात, आवाज बसतो. तोवर रसायनाने पेशींतील डीएनएची हानी करून टाकलेली असते.

पहिल्या महायुद्धात या वायूने बाधित झालेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी शेकडा दोन-तीनच दगावले. एवढ्यावरून जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने (हे पुढे भारताचे नागरिक झाले) १९२५ मध्ये रासायनिक युद्धाचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. मृतांची मोजदाद त्यांनी केली. जगलेल्यांचे पुढे काय होते, हे इराणी सैनिकांनी दाखविले.

डोळ्यांचेच पाहू. सुरुवातीची सूज व अंधारी बहुतेकांची काही आठवड्यांत जाते, माणूस कामाला लागतो. काहींना मात्र दहा-वीस वर्षांनी पुन्हा उजेड सोसेनासा होतो, डोळ्यांत खडे गेल्यासारखे वाटते, नजर धूसर होते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, कडेला त्याची झीज भरून काढणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या नष्ट झाल्या की पडद्यात रक्तवाहिन्या शिरतात, तो पातळ होतो, त्यावर व्रण पडतात. दुसऱ्याचा कॉर्निया बसविला तरी कडेच्या पेशीच नसल्यास तो नीट टिकत नाही. म्हणून आधी त्या पेशींचे रोपण करावे लागते.

फुप्फुसांचे दुखणे अधिक चिवट. अगदी बारीक श्वासनलिकांत व्रण भरताना त्या आक्रसतात. खोकला, कफ, जिना चढताना धाप अशी लक्षणे दिसतात. ती दम्यासारखी असली तरी दम्याच्या औषधांनी पुरता उतार पडत नाही. छातीचा साधा क्ष-किरण फोटो पुष्कळदा निर्दोष येतो! श्वास सोडलेल्या स्थितीत सीटी स्कॅन केले, तर आत अडकून राहिलेली हवा दिसते. ज्याच्या अंगावर जखमेची खूण नाही, फोटोत दोष नाही, त्याचे दुखणे इतरांना पटावे कसे? माझ्या मते या सैनिकांची निम्मी व्यथा येथेच आहे. रुतलेली गोळी दाखविता येते, धाप दाखविता येत नाही.

युद्धात जायबंदी झालेल्यांना इराणात ‘जानबाज’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. तेहरानच्या शांतता संग्रहालयात वायूने बाधित झालेले काही जानबाज मार्गदर्शकाचे काम करतात आणि आलेल्यांना आपली हकीकत स्वतःच सांगतात.