ऊर्जा संशोधन : ‘सोलरचा कोर्स’ नको, आधी पाया पक्का

“मुलगा म्हणतो, सोलरमध्ये जायचंय. नोकरी मिळेल का?” बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न हमखास येतो. मिळेल. पण पॅनल बसवणाऱ्याची वाट वेगळी आणि ते स्वस्त, टिकाऊ करणाऱ्याची वेगळी. पहिलीला आयटीआय किंवा डिप्लोमा पुरतो. दुसरी विद्यापीठातून जाते आणि हा लेख तिच्याविषयी आहे.

प्रश्न घराजवळच आहेत

रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी धरताना बिबट्याची धास्ती काय असते, हे राहुरी-श्रीरामपूरच्या मुलांना सांगावं लागत नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिचा एक सुरुवातीचा प्रकल्प राळेगणसिद्धीतला. पण सिलिकॉनचं पॅनल तापलं की दर अंशामागे त्याची वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. ही घट कशी रोखायची? टँकरवर जगणाऱ्या गावात पॅनलवरची धूळ कशाने काढायची? कांदा वाळवणारं सौरयंत्र बचतगटाला परवडेल असं कसं बनवायचं? यांची उत्तरं शोधणं हेच संशोधन.

वाटा कोणत्या?

पीसीएम घेतलेल्यांना एमएचटी-सीईटीतून बी.टेक. कृषी अभियांत्रिकीला जाता येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं (स्थापना १९६८) डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय राहुरीतच आहे. बायोगॅस, सौरऊर्जा हे या पदवीचे नेहमीचे विषय. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, केमिकलमधूनही ऊर्जेकडे वळता येतं. अभियांत्रिकी नको असेल, तर भौतिक किंवा रसायनशास्त्रातून सोलर सेल आणि बॅटरीकडे जाता येतं. जीवशास्त्रवाल्यांनी प्रवरानगरचा साखर कारखाना आठवावा : उसाच्या मळीपासून इथेनॉल बनवतात ते सूक्ष्मजीवच. पदवीनंतर पुणे विद्यापीठ, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, आयआयटी मुंबई हे पर्याय आहेत. आयआयटी मुंबईत सौरविजेवरील संशोधन व शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र २०१० पासून आहे.

पालकांचा हिशेब

‘गेट’ या परीक्षेतून एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली असेल, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये. तरीही पीएच.डी.ला चार-पाच वर्षं जातात, तोवर मित्रांचे पगार पुढे गेलेले असतात आणि प्राध्यापकाच्या जागा मोजक्याच. म्हणून परतीची वाट ठेवा : एम.टेक.वर थांबूनही कंपन्यांत काम मिळतं. अनुभव जोडून केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची परीक्षा देता येते आणि ऊर्जा लेखापरीक्षक होता येतं.

बारावीनंतर लगेच महागड्या ‘ग्रीन एनर्जी’ कोर्सची फी भरू नका. आधी कॉलेजात जाऊन विचारा : प्रयोगशाळेतली यंत्रं चालू आहेत का, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कोणते झाले, मागच्या बॅचची मुलं कुठे लागली? उत्तर टाळलं गेलं, तर दुसरं कॉलेज बघा.