प्रयोग वर्ध्यात, मग वावरात का नाहीत?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सेवाग्राम, पवनार आणि वर्ध्याचं मगन संग्रहालय दाखवलं. कुमारप्पांचं काम, विनोबांची शेती, सगळं पाहून मुलं खूश झाली. तिथून देवळीजवळ आत्याकडे गेलो, तर वाटेत दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन, आणि चौकाचौकात कीटकनाशकांच्या पाट्या. टिकाऊ शेतीचे एवढे प्रयोग ज्या जिल्ह्यात झाले, तिथलाच शेतकरी ते का करत नाही? आत्याकडे चार एकर कोरडवाहू आहे. ‘सगळं सेंद्रिय कर’ असं तिला सांगू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ‘सगळं’ हा शब्द तेवढा गाळा, मग सांगा. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

वर्ध्यात आधी गांधी आले आणि मग बाजार आला, असं झालेलं नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी गावाच्या जागी आजचं वर्धा शहर आखलं गेलं. रेल्वे आली ती कापूस मुंबईला न्यायला. म्हणजे १९३६ मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा इथला शेतकरी सत्तर वर्षं रोख पिकाच्या व्यवहारात मुरलेला होता. प्रयोग त्याच्या शेजारी झाले. त्याच्या कर्जाच्या वहीत ते उतरले नाहीत.

प्रयोग मात्र फुटकळ नव्हते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला, त्याचं ठाणं मगनवाडीत होतं आणि सूत्रं जे. सी. कुमारप्पांकडे होती. लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकलेला हा माणूस शेतीकडे जमाखर्चाच्याच नजरेनं पाही. गावाला वर्षभर लागणारं धान्य, डाळ, तेल, भाजी, चारा आणि कापड यांचा हिशेब आधी मांडावा आणि त्या प्रमाणात जमीन पिकांना वाटून द्यावी, असं त्यांचं म्हणणं. बाजारासाठीचं पीक त्यानंतर. पुढे सेलू तालुक्यातल्या सेलडोहला त्यांनी आश्रम काढून हेच जमिनीवर करून पाहिलं. पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला: पैशाचा व्यवहार नाही, बैलसुद्धा नाहीत, कुदळीनं खणायचं, विहिरीचं पाणी हातानं काढायचं आणि पिकेल ते खायचं.

यातल्या पवनारच्या शेतीबद्दल मला नितांत आदर आहे, पण चार एकरवाल्याला ती उदाहरण म्हणून दाखवू नये. त्या वावरावर पीककर्ज नव्हतं, पोरीचं लग्न नव्हतं, मुलाची कॉलेजची फी नव्हती. कुमारप्पांचा विचार अधिक उपयोगाचा आहे, पण अख्खं गाव एकदम ठरवणार असेल तरच तो पुरता लागू पडतो. एकट्यादुकट्या शेतकऱ्यानं कापूस सोडून ज्वारी पेरली, तर होतं काय? आजूबाजूच्या सगळ्या वावरात कापूस असतो, म्हणून परिसरातली पाखरं आणि रानडुकरं त्या एकाच ज्वारीवर तुटून पडतात. बोर अभयारण्याच्या कडेच्या गावांत विचारा. रोही आणि डुकरांच्या भीतीनं रात्रभर जागल करायची, ती किती वर्षं करणार?

ज्वारीचं जाणं ही गोष्ट वरवर साधी दिसते. मला विचाराल तर या जिल्ह्यातल्या जमिनीचा कस त्या एका पिकाबरोबर उतरला. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. तिच्या जागी नव्वदीच्या दशकात सोयाबीन पसरलं, पण सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही. चारा घटला तशी कोठ्यातली जनावरं घटली, आणि जनावरांबरोबर शेणखत. गवळाऊ ही तर वर्ध्याचीच गाय. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मुलूख, आणि तिच्या पैदाशीसाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्र आहे. चपळ, चिवट, बंडीला आणि डवऱ्याला चालणारी जात. आज त्याच भागात डवरणीच्या दिवसांत भाड्याचा बैल शोधावा लागतो. अशा शेतकऱ्याला ‘एकरी पाच गाड्या शेणखत टाका’ हा सल्ला देणारा माणूस त्याच्या कोठ्यात डोकावलेला नसतो.

शेणखताला पर्याय मात्र आपल्या दाराशीच तयार झाला होता. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती मुळात कापसाच्या काळ्या जमिनीसाठी होती. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. वाडांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न आजचाच होता: पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, लाकडासारखी कडक, ती कुजायची कशी? त्यांनी पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतरस्त्यावर पसरल्या. बंड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा झाला, तो गोठ्यात जनावरांखाली अंथरला आणि मूत्र मुरल्यावर खड्ड्यात घातला. शेण थोडं, काडीकचरा जास्त, असं ते खत होतं. आता बंडीच्या चाकाचं काम ट्रॅक्टरला जोडलेलं कुट्टीयंत्र करतं. तरीही एप्रिल-मेमध्ये जिल्ह्यातून फिरलात तर धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटी पेटलेली दिसेल.

शेतकरी पऱ्हाटी जाळतो तो कुट्टीचं भाडं रोख द्यावं लागतं म्हणून. इथे आपण मूळ गाठीपाशी येतो. चार एकरवाल्याला जूनमध्ये रोख लागतो. बीटी कापसाच्या एका पाकिटाची सरकारनं ठरवलेली किंमत २०२५ मध्ये ९०१ रुपये होती, आणि एकराला साधारण दोन पाकिटं लागतात. संकरित असल्यानं घरची सरकी पुढच्या वर्षी चालत नाही. वर खत, तणनाशक, फवारण्या. हा पैसा कुठून यावा? २०१४ च्या सुमाराला वर्धा, नागपूर आणि बुलढाणा इथल्या जिल्हा मध्यवर्ती बँकांचे परवाने अडले आणि गावातल्या सोसायटीचं कर्ज मिळेनासं झालं. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात चार एकरवाला ताटकळतो. राहिलं तालुक्याचं कृषी केंद्र. तिथे बियाणं, खत, औषध उधार मिळतं, चुकारा कापूस विकल्यावर. म्हणजे ज्याच्याकडून उसनं घ्यायचं त्यालाच ‘पानं लाल पडली, काय मारू?’ असं विचारायचं. तो काय सांगणार? शेल्फावर जे आहे ते! यात दुकानदाराला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही, त्याच्यावरही वरच्या व्यापाऱ्याची उधारी असते. पण सल्ला आणि सावकारी एकाच गल्ल्यावर बसली की शेतकऱ्याच्या हाती निवड उरत नाही.

मग नोव्हेंबर येतो. उधारी फेडायची म्हणून माल घरात न ठेवता विकायचा. सगळेच विकतात, भाव पडतो.

म्हणून अल्पभूधारकाला आधार देणारी शेती कोणती, याची माझी कसोटी फार साधी आहे. तिच्यामुळे जूनमधली उधारी कमी होते का, आणि नोव्हेंबरात थोडं थांबता येतं का? सेंद्रिय मालाला मिळणारा जादा भाव ही फार नंतरची गोष्ट. जमीन बदलायला दोन-तीन वर्षं जातात, त्या काळात उत्पन्न घटतं आणि भाव नेहमीचाच मिळतो.

मजा म्हणजे खुल्या बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते शरद जोशीसुद्धा इथेच पोचले होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावच्या १९९१ च्या मेळाव्यात त्यांनी चतुरंग शेती मांडली. तिचा पहिला भाग सीताशेती, म्हणजे घरच्या बायकांच्या हातची, विकतच्या निविष्ठांवाचून होणारी शेती. निर्यातीचा भाग शेवटी. ग्रामोद्योगवाले कुमारप्पा आणि बाजारवाले जोशी यांचं एरवी पाच मिनिटंसुद्धा पटलं नसतं, पण आधी खर्च आवरा, हे दोघांनी सांगितलं.

जिल्ह्यात आज जे टिकलेलं दिसतं ते याच वाटेनं. डॉ. तारक काटे यांच्या ‘धरामित्र’नं कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर कमी खर्चाच्या शेतीचं काम वर्षानुवर्षं केलं. मगन संग्रहालय समितीनं गिरड भागातला सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक रंगांची खादी यांची सांगड घातली, म्हणजे पिकवण्याआधी गिऱ्हाईक पाहिलं. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातलं कुरकुमिनचं प्रमाण नावाजण्यासारखं आहे. पण हळद बरेच महिने वावरात राहते, तिला पाणी लागतं, पुढे शिजवणं आणि पॉलिश आलंच. विहीर नसलेल्या तुमच्या आत्यांना त्या मानांकनाचा काय उपयोग?

आत्यांसाठी सांगायचं तर असं. तीन एकरांत यंदाचंच चालू द्या, फक्त कापसात तुरीची तासं वाढवा. तुरीचा पाला पडतो, मुळं नत्र धरतात आणि तूर कापसाच्या मागाहून हाती येते, म्हणजे सगळा पैसा एकाच महिन्यावर अवलंबून राहत नाही. चौथ्या एकरात सरळ वाण लावून पाहा, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा ‘सूरज’ किंवा अकोल्याच्या विद्यापीठाचा देशी ‘एकेए-७’. यांची सरकी घरी राखता येते. त्या एकरात उतारा कमी येईल, हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर पहिल्याच वर्षी दोष तुमच्या माथी येईल. बियाणं कुठे मिळेल ते सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी संपल्यावर कापूस पुढे राखू नका. जानेवारीनंतर उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीला आयतं घर मिळतं, आणि २०१७ मध्ये विदर्भानं तिची किंमत मोजली आहे. चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी कुट्टीयंत्र बोलावलं तर भाडं वाटलं जातं.

आणि तूर-सोयाबीन लगेच विकू नका. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज मिळतं, सहा महिने, सहा टक्क्यांनी. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या, कारण सगळ्याच समित्या ती मनावर घेत नाहीत. कापसाला मात्र ही सोय नाही. तो घरातच रचून ठेवावा लागतो, मग अंगाला खाज सुटते आणि रात्री विस्तवाची धास्ती.

प्रश्न : सेंद्रिय म्हणून माल विकायला प्रमाणपत्र लागतंच का? त्याचा खर्च आम्हाला झेपणारा नाही.
— एक शेतकरी, आष्टी तालुका

उत्तर : ओळखीच्या गिऱ्हाईकाला विकत असाल तर तुमचा शब्द पुरतो. परदेशी पाठवायचा असेल तर बाहेरच्या संस्थेची तपासणी लागते आणि ती महाग आहे. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे सहभागी हमी पद्धत. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांची वावरं एकमेकांनीच तपासायची. तिला तपासनिसाचा खर्च नाही. डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशनच्या क्षेत्रात वर्धा जिल्हा येतो, तिथे गटाची नोंद होते का ते पाहा. गटात एकच धुरा असलेले शेजारी घ्या. शेजारचा फवारत असेल तर त्याचं औषध वाऱ्यानं तुमच्या पिकावर येणारच, आणि मग त्या बाजूची काही तासं तुम्हाला सेंद्रिय मालातून वगळून वेगळी विकावी लागतील.