सामायिक ईमेल फोल्डर आणि अधिकारांची अक्षरे

प्रश्न : नाशिक रोड येथील एका कार्यालयातील सामायिक ईमेल फोल्डर काही सहकाऱ्यांना दिसतच नाही, तर काहींना त्यातील पत्रे वाचता येतात पण हटवता येत नाहीत, यावर उपाय कोणता?

उत्तर : सर्व्हरवरील टपाल हाताळणाऱ्या आयमॅप या पद्धतीसाठी २००५ साली आलेल्या आरएफसी ४३१४ या मानकात प्रत्येक अधिकाराला स्वतंत्र अक्षर असून, ‘एल’ म्हणजे फोल्डर यादीत दिसणे, ‘आर’ म्हणजे वाचणे, ‘टी’ म्हणजे पत्रावर हटवण्याची खूण करणे आणि ‘ई’ म्हणजे अशी पत्रे कायमची काढणे होय, त्यामुळे वाचनाधिकारासोबत हटवण्याचा अधिकार आपोआप येत नाही. प्रशासकाने प्रत्येकाचे अधिकार तपासून कमी असलेले अक्षर जोडावे, मात्र अधिकार बदलण्याची मुभा देणारा ‘ए’ एकदोघांपुरताच ठेवावा.