परसातले रंग : पाहूया, टिपूया, नोंदवूया



पेडणे असो वा डिचोली, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरामागे थोडेफार परस असते. जास्वंद, पपई, पेरू, शेवगा, कुठे नारळ-पोफळीचे कुळागर. झाडे आली की पक्षी येतातच. शिंजीर, हळद्या, तांबट, खंड्या, दयाळ, बुलबुल हे आपले रोजचे शेजारी आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याकडील कुळागरांत नशीब असेल तर लालकंठी पिवळा बुलबुलही दिसतो. तो गोव्याचा राज्यपक्षी आहे आणि पश्चिम घाट सोडून जगात इतरत्र राहत नाही.

यंदा आम्ही सर्व शिक्षकांनी ठरवले आहे की या शेजाऱ्यांचा अभ्यास वर्गाबाहेर करायचा. त्याची सुरुवात रंगापासून करूया.

रंग येतो कुठून?

एका वाटीत हळदीचे पाणी करा. ते कुठूनही पाहिले तरी पिवळेच दिसेल. आता साबणाचा फुगा करा. साबणाच्या पाण्याला स्वतःचा निळा-जांभळा रंग नसतो, तरी फुग्याच्या पातळ पडद्यावर प्रकाश पडला की रंग खेळू लागतात आणि फुगा हलला की बदलतात. पहिला झाला रंगद्रव्याचा रंग, दुसरा रचनेचा.

पक्ष्यांत हे दोन्ही प्रकार असतात. हळद्याचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. ते पक्ष्याला स्वतः तयार करता येत नाही, अन्नातून मिळवावे लागते. जांभळा शिंजीर सावलीत काळा वाटतो; उन्हात मान वळवली की जांभळा-हिरवा चमकतो. ती किमया पिसांतील अतिसूक्ष्म थरांची. खंड्याच्या अंगावर तर दोन्ही धडे एकत्र आहेत. डोक्याचा तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा, पण पंखांच्या निळ्यात निळे रंगद्रव्य मुळीच नसते. तो निळा पिसांच्या रचनेतून येतो.

खात्री करायची असेल तर घरातले मोरपीस घ्या. खिडकीकडे पाठ करून पाहा, निळे-हिरवे झळकेल. मग तेच खिडकीसमोर धरून उजेड आरपार येऊ द्या. झळाळी मावळून तपकिरी रंग उरतो.

छायाचित्र काढताना

या प्रयोगातच छायाचित्रणाचा पहिला नियम आला. सूर्य आपल्या पाठीशी हवा. सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. पक्षी आकाशासमोर बसला असेल तर तो काळा येतो, म्हणून मागे पाने असतील अशी जागा निवडा. मोबाईलला दुरून चित्र नीट येत नसेल तर दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईलचे भिंग लावून पाहा; थोड्या सरावाने जमते.

पक्ष्यामागे धावू नका. जास्वंदीपासून दहा-बारा पावलांवर स्वस्थ बसा. शिंजीर ठरलेल्या फुलांवर पुन्हा पुन्हा येतो. वाट पाहण्यात जो आनंद आहे, तो चित्र आले नाही तरी वाया जात नाही.

एक नियम मात्र कडक आहे. घरट्याचे छायाचित्र काढायचे नाही. चित्र स्पष्ट यावे म्हणून पाने बाजूला केली की आतली पिले कावळ्याला दिसतात आणि उन्हातही पडतात. फ्लॅश मारणे, पक्ष्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला बोलावणे हेही नको. पक्ष्याला त्रास देऊन मिळवलेले चित्र आम्ही शाळेच्या फलकावर लावणार नाही.

नोंद का हवी?

दसऱ्याच्या सुमारास तारेवर बसणारा नीलकंठ घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असतो. पूर्वी तो किती दिसायचा, हे ते सांगतात. पण लिहिलेले बहुतेक घरांत सापडत नाही. २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल त्यात ठरवता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत. नीलकंठाची संख्याही घटली असून त्याच्या स्थितीची जागतिक पातळीवर फेरतपासणी व्हावी, अशी शिफारस आहे. कोकीळ आणि मोर मात्र वाढले आहेत. हे कळले ते ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींमुळे, आणि त्यांतले बरेच जण आपल्यासारखेच हौशी होते.

आपल्या तालुक्यांचे रूप झपाट्याने बदलते आहे. डिचोलीने खाणी पाहिल्या. पेडण्यात मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. उद्या कोणी विचारले की तुमच्या वाड्यावर कोणते पक्षी होते, तर उत्तर तुमच्या वहीत असले पाहिजे. तारीख आणि जागा नसलेले सुंदर चित्र शोभेचे असते. तारीख-जागेसह काढलेले साधे चित्रही पुरावा ठरते.

पालक व विश्वस्तांस

पालकांनी मुलांबरोबर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे परसात बसावे आणि उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे, ही विनंती. विश्वस्त मंडळींना आमचे सांगणे एवढेच, की शाळेच्या आवारात नवे बांधकाम योजताना जुना वड, पांगारा, सावर यांचा आधी विचार व्हावा. पांगारा फुलला की एका झाडावर जेवढे पक्षी जमतात, तेवढे कुठल्याही तक्त्यावर दाखवता येत नाहीत.

स्वाध्याय

१. परसातील एक झाड निवडा. दर रविवारी पंधरा मिनिटे त्यावर येणारे पक्षी मोजा. तारीख, वेळ, संख्या आणि पक्षी काय खात होता ते लिहा.

२. एकाच पक्ष्याची दोन छायाचित्रे काढा, एक सूर्य पाठीशी असताना आणि एक समोर असताना. रंगात काय फरक पडला?

३. त्या पक्ष्याला तुमच्या घरी काय म्हणतात ते आजी-आजोबांना विचारा. कोकणी, मराठी, जे नाव असेल ते लिहा.

दर फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभरची पक्षीगणना चार दिवस चालते. तीत सहभागी व्हायला निदान पंधरा मिनिटे पक्षी मोजावे लागतात. तोवर तुमचा सराव झालेला असेल. पक्ष्यांची मोठी वही वाचनालयात ठेवली आहे. पहिले पान कोण भरतो याची आम्ही वाट पाहतो.