आधी स्वतःला विचारा

सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इराकमधील बसरा शहरात इब्न अल हैसम यांचा जन्म झाला. पुढे ते कैरो येथे राहिले.

डोळ्यांतून किरण निघतात, म्हणून वस्तू दिसते, असे टॉलेमीसारखे मोठे विद्वान मानत. मग सूर्याकडे पाहिल्यावर डोळे का दुखतात? इब्न अल हैसम यांनी प्रयोग केले. अंधाऱ्या खोलीबाहेर दिवे ठेवले. भोकातून आलेल्या उजेडाचे ठिपके भिंतीवर पडले. एक दिवा झाकला, की त्याचाच ठिपका नाहीसा होई. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे दिसले. वस्तूवरून प्रकाश डोळ्यांत येतो, म्हणून ती दिसते, असे त्यांनी सांगितले.

थोरांचे लिहिणेही तपासावे आणि तपासणाऱ्याने स्वतःवरही शंका घ्यावी, असे त्यांचे मत होते.

'माझेच खरे' म्हणणारा दुसऱ्याचे ऐकत नाही. त्यातूनच कट्टरपणा वाढतो. 'माझेही चुकत असेल' म्हणणारा पुरावा पाहतो. मुलांनो, वाद झाला, तर आधी स्वतःला विचारा, 'मला हे कसे कळले?'

शब्दार्थ : शंका – शक, पुरावा – सबूत, थोर – बुजुर्ग

प्रश्न : एक दिवा झाकल्यावर काय होई?