दाबा, थांबा, मग बोला

भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके डोंगरांचे. (वेल्हे तालुक्याचे सरकारी नाव आता राजगड झाले आहे. पण जुने नाव तोंडात बसलेले आहे, म्हणून आम्ही इथे तेच लिहितो.) एका सोंडेवर एकाची गुरे चरतात. समोरच्या सोंडेवर दुसऱ्याची चरतात. मध्ये खोल दरी. चालत जायचे तर अर्धा दिवस मोडतो. मग गुराखी काय करतो? दोन्ही हात तोंडाशी धरतो आणि कुकारा घालतो.

"ओऽऽ तात्या! तांबडी गाय तिकडं आली का?"

एवढे बोलून तो गप्प होतो. कान देतो. थोड्या वेळाने पलीकडून आवाज येतो, "आली हाय! ओढ्याला हाय!"

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. दोघे एकदम ओरडत नाहीत. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. दोघांनी एकदम तोंड उघडले तर दरीत नुसता गलका होतो. कुणाचेच कुणाला कळत नाही. हा नियम गुराख्यांना कुणी शिकवलेला नाही. दरीनेच शिकवला आहे.

वॉकी-टॉकी नावाचे यंत्र ह्याच नियमावर चालते. पोलिसांच्या हातात ते तुम्ही पाहिले असेल. 'वॉक' म्हणजे चालणे, 'टॉक' म्हणजे बोलणे. चालता चालता बोलायचे यंत्र, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे 1939 ते 1945 या काळात, फौजांनी ते फार वापरले. तेव्हाचा पाठीवर घ्यायचा संच 15 किलोच्या आसपास भरायचा. आज तो मुठीत मावतो.

त्याच्या कडेला एक बटण असते. बटण दाबले की यंत्र बोलणे पाठवते. सोडले की ऐकू लागते. दोन्ही कामे एकदम करत नाही. म्हणून बोलणारा माणूस शेवटी 'ओव्हर' म्हणतो. म्हणजे, माझे झाले, आता तुम्ही बोला. ह्या यंत्राला टॉवर लागत नाही. एका संचातून निघालेली लहर हवेतून थेट दुसऱ्या संचात जाते. पण मध्ये डोंगर आला की ती अडते. लहान संचाचा आवाज मोकळ्या माळावर दोन-चार किलोमीटर जाईल. राजगडाच्या एका बाजूला एक माणूस आणि पलीकडच्या बाजूला दुसरा असेल, तर मात्र अंतर थोडे असूनही बोलणे होणार नाही.

आता आपल्या मोबाईलकडे येऊ.

नेहमीचा फोन कसा असतो? आपण नंबर लावतो. घंटी वाजते. समोरचा उचलतो. मग दोघे हवे तसे बोलतात, एकमेकांचे बोलणे तोडतातही. पण ते बोलणे दोघांपुरते राहते. भातलावणीला उद्या दहा माणसे हवी आहेत, तर दहा फोन करावे लागतात. तोपर्यंत अंधार पडतो.

म्हणून मोबाईलवर वॉकी-टॉकीसारखे बोलण्याची सोय निघाली. अमेरिकेत नेक्स्टेल नावाच्या कंपनीने 1990 नंतरच्या दशकात ती फार चालवली. गवंडी, मालमोटारींचे चालक, कारखान्यातले मुकादम अशी कामाची माणसे ती वापरत. त्या कंपनीचे ते जाळे 2013 साली बंद झाले. आता हेच काम इंटरनेटवर चालणारी ॲपे करतात. झेलो हे त्यातले एक. फोनमध्ये ॲप घ्यायचे, गट करायचा, आणि पडद्यावरचे मोठे बटण दाबून बोलायचे. गटातल्या ज्यांचे ॲप चालू आहे, त्या सगळ्यांच्या फोनमधून आवाज लगेच बाहेर येतो. घंटी नाही, उचलणे नाही.

व्हॉट्सॲपवर आपण बोलून निरोप पाठवतो, तो निराळा. तो निरोप दाराशी ठेवलेल्या चिठ्ठीसारखा आहे. समोरचा उघडील तेव्हा ऐकील. हा आवाज कुकाऱ्यासारखा आहे. आला तसा कानावर पडतो.

पण पाहायला वॉकी-टॉकी आणि आत वेगळेच, असे हे प्रकरण आहे. आपला आवाज समोरच्या फोनकडे थेट जात नाही. फोन आधी आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतो. तुकडे रेंजवरून जवळच्या टॉवरला जातात. टॉवरकडून तारेने किंवा दुसऱ्या टॉवरमार्फत दूरच्या एका मोठ्या संगणकाकडे जातात. हा संगणक पोस्टमास्तरसारखा मध्ये बसलेला असतो. तो गटात किती माणसे आहेत ते पाहतो, तेवढ्या नकला काढतो, आणि ज्याच्या त्याच्या टॉवरकडे धाडतो. बोलायची पाळी कुणाची, हेही तोच ठरवतो. ज्याचे बटण आधी दाबले गेले, त्याला पाळी मिळते. फोन 'टुं' असा आवाज करतो. म्हणजे, बोला. बाकीच्यांना तोवर थांबावे लागते.

यामुळे एक मोठा फायदा झाला. डोंगर आडवा आला तरी अडचण नाही. वेल्ह्याच्या बाजारातला माणूस आणि मुंबईला कामाला गेलेला त्याचा भाऊ एकाच गटात बोलू शकतात. फक्त दोघांकडे इंटरनेट हवे.

पण आवाजाला हा सगळा प्रवास करायचा म्हणजे थोडा वेळ लागतो. कधी अर्धा सेकंद, रेंज बारीक असेल तर जास्त. इथेच नवख्या माणसाची गडबड होते. बटण दाबता दाबताच तो बोलू लागतो. पाळी मिळेपर्यंतचे शब्द हवेत जातात. तसेच शेवटी. बोलणे संपायच्या आत अंगठा उचलला की शेवटचा शब्द तुटतो.

आपल्या मराठीत हे फार धोक्याचे आहे. का ते पाहा. आपण 'नाही' आणि 'नका' हे शब्द वाक्याच्या शेवटी बोलतो. समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. शाळेतून पोरे यायची आहेत. वरच्या वाडीतला एकजण गटावर सांगतो, "पोरांनी ओढा ओलांडायचा नाही." त्याचा अंगठा थोडा आधी उचलला गेला. खालच्या वाडीत काय ऐकू आले? "पोरांनी ओढा ओलांडायचा." एक शब्द गळला आणि निरोप उलटा झाला.

म्हणून धोक्याचा निरोप 'नाही'वर टेकवू नये. आधी 'थांबा' म्हणावे. मग ठिकाण सांगावे. मग कारण. "थांबा. थांबा. शाळेजवळचा ओढा. पाणी चढलंय." यातला कुठलाही एक शब्द गळाला तरी बाकीचा निरोप सरळच राहतो. ऐकणाऱ्यानेही नुसते 'बरं' म्हणू नये. ऐकलेले परत म्हणून दाखवावे. "शाळेजवळचा ओढा, पोरांना थांबवतो." फौजेत आणि पोलिसांत असे परत म्हणण्याची शिस्त असते. आपल्याला सुरुवातीला हसू येते, पण सवय करावी.

आणखी एक. गटावरचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाते. फोन चुलीपाशी ठेवलेला असतो, पाहुणे बसलेले असतात. बँकेचा आकडा किंवा घरातले भांडण तिथे बोलू नये. चुलते-पुतण्यांचा बांधाचा वाद एकदा गटावर गेला, की मग तो गावकीला मिटवता मिटत नाही!

आता सगळ्यात महत्त्वाचे. टॉवर नाही तर हे बोलणे नाही.

2017 साली ऑगस्टमध्ये अमेरिकेत ह्यूस्टन शहराला मोठ्या वादळाने बुडवले. लोक आपापल्या होड्या घेऊन शेजाऱ्यांना काढायला निघाले. कोण कुठे अडकले आहे, हे त्यांनी झेलोवरून एकमेकांना सांगितले. पुष्कळ जीव वाचले. थोड्याच दिवसांनी फ्लोरिडात दुसरे वादळ येऊ घातले. तेव्हा अफवा उठली, की हे ॲप इंटरनेट नसतानाही चालते. लाखो लोकांनी ते फोनमध्ये घेतले. शेवटी कंपनीलाच सांगावे लागले, की बाबांनो, तसे नाही. इंटरनेट गेले की हे बंद.

आपल्याकडे हे लक्षात ठेवायलाच हवे. भोरहून महाडला जाणारा वरंधा घाट, वेल्ह्यातून केळदकडे मढे घाटाची बाजू, इथे फोनची रेंज एका वळणावर असते आणि पुढच्या वळणावर जाते. पावसात वीज गेली की टॉवर काही वेळ बॅटरीवर चालतो, मग तोही झोपतो. दरड कोसळून तार तुटली, तर टॉवर उभा असून मुका होतो. म्हणजे ज्या दिवशी गरज जास्त, त्याच दिवशी भरवसा कमी.

आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट घ्या. 30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खचला. 151 माणसे गेली. ही खबर बाहेर कशी गेली? एस. टी.च्या चालकाने गाडी आणली, तर गाव जागेवर दिसेना. त्याने जाऊन कळवले. ज्यांनी हाक मारायची, तेच ढिगाऱ्याखाली होते. तेव्हा फोन कितीही चांगला असो, शेजारच्या वाडीने रोज सकाळी चौकशी करायची जुनी रीत पावसाळ्यात सोडू नये, असे आमचे मत आहे.

इंटरनेट नसलेल्या साध्या फोनसाठीही एक सोय आहे. पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' वापरात आली आहे. गावातल्या लोकांचे नंबर तिच्यात नोंदलेले असतात. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, मूल हरवले, तर नोंद असलेल्या माणसाने ठरलेल्या नंबरावर फोन करून निरोप सांगायचा. त्याचाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनांवर फोन म्हणून जातो. बटणांचा जुना फोन असला तरी चालतो. तो नंबर आणि नोंद कशी करायची, हे ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना विचारा.

ही सोय मात्र एकाच बाजूने बोलते. 1660 साली हिरडस मावळातल्या, म्हणजे आपल्या भोरकडच्या, बांदलांनी आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली. महाराज विशाळगडावर पोहोचल्याची खूण तोफांच्या आवाजाने द्यायची ठरली होती, असे परंपरेने सांगतात. तोफ सगळ्यांना ऐकू जाते. पण तोफेला उलट काही विचारता येत नाही. तसेच हे. म्हणून निरोप एकदाच पण पुरा सांगावा. गाव, वाडी, जागा, काय झाले, आणि लोकांनी काय करायचे.

कुणी म्हणेल, मग खरेखुरे वॉकी-टॉकी संचच आणू. आणावेत, पण पाहून आणावेत. आपल्या देशात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले थोड्या ताकदीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. बाकीच्यांना सरकारी परवाना लागतो. 2025 सालच्या मे महिन्यात, नियमात न बसणारे संच विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना नोटिसा दिल्या होत्या. स्वस्त दिसला म्हणून घेऊ नका.

करून पाहा

दोघांनी दोन फोन घ्या. एकाने घराच्या मागे जावे. आधी बटण दाबता दाबता बोला आणि लवकर सोडा. "आज गाडी येणार नाही," एवढेच म्हणा. पलीकडे काय ऐकू आले ते विचारा. मग बटण दाबा, 'टुं' होऊ द्या, मनात एक म्हणा, बोला, पुन्हा मनात एक म्हणा, आणि सोडा.

नंतर आपल्या वाडीभोवती फिरा. रेंज कुठे मिळते ते पाहा. देवळाचा ओटा, टाकीजवळचा खडक, जी असेल ती जागा. ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. खाली 112 हा आकडा लिहा. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली, तरी हा नंबर लागू शकतो. त्याखाली पोलीस पाटलांचा आणि शेजारच्या वाडीतल्या दोघांचा नंबर लिहा. फोन बंद पडला की आतले नंबरही दिसत नाहीत. हा कागद दाराच्या आतल्या बाजूला, पोरांनाही वाचता येईल इतका खाली, चिकटवा.