कठडा हलतो म्हणून जिना उतरवू नका

प्रश्न : आमच्या जुन्या घरातल्या सागवानी जिन्याचा कठडा डुगडुगतो. पूर्वीसारखे कातीव गज बसवायचे, तर जिनाच काढावा लागेल, असं सुतार म्हणतो. खरं का? – एक वाचक, वाई

उत्तर : मुळीच नाही! पायऱ्या शाबूत असतील तर कठडा वेगळा बदलता येतो. डुगडुग बहुधा तळाच्या जाड खांबापासून सुरू होते; आधी तोच हलवून पाहा.

एक धड गज नमुना म्हणून कातारीला द्या. लाकूड मुरलेलंच घ्या, ओलं सागवान पुढे आकसतं आणि सांधे उघडतात.

घरात लहान मुलं असतील, तर दोन गजांत 10 सेंटिमीटरपेक्षा कमी फट ठेवा. ब्रिटनचे बांधकाम नियमही हेच सांगतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका.